शेक्सपिअरच्या लग्नाची नोंद: एका न सापडलेल्या ओळीचा प्रकरण अभ्यास

स्ट्रॅटफर्ड-अपॉन-एव्हन गावच्या होली ट्रिनिटी चर्चची जुनी नोंदवही चाळली, तर विल्यम शेक्सपिअरचं अख्खं घर तिच्यात भेटतं. २६ एप्रिल १५६४ ला त्याचा बाप्तिस्मा. २६ मे १५८३ ला थोरली लेक सुझॅना, २ फेब्रुवारी १५८५ ला जुळी, हॅम्नेट आणि ज्युडिथ. ११ ऑगस्ट १५९६ ला अकरा वर्षांच्या हॅम्नेटचं दफन. ५ जून १६०७ ला सुझॅनाचं डॉक्टर जॉन हॉलशी लग्न. २५ एप्रिल १६१६ ला खुद्द विल्यमचं दफन. एवढं सगळं आहे, पण त्याच्या स्वतःच्या लग्नाची ओळ या वहीत नाही. दुसऱ्या कुठल्याही चर्चच्या वहीतही ती आजवर मिळालेली नाही.

इंग्लंडमधल्या घराण्यांची वंशावळ लावायला बसलेल्या जवळजवळ प्रत्येकाला कधी ना कधी हीच अडचण येते. आपल्यातही हे काम करणारे आता वाढले आहेत. कुणाची सून इंग्लिश असते, कुणाचा जावई, आणि नातवंडांना दोन्हीकडची घराणी ठाऊक असावीत अशी इच्छा असते. मग संगणकावर नाव टाकायचं, लग्न सापडलं नाही की त्यातल्या त्यात जवळचं वाटणारं नाव उचलायचं आणि झाडाला नवी फांदी जोडून मोकळं व्हायचं. अशा उचललेल्या नावांनी किती वंशावळी बिघडतात हे पाहून जीव हळहळतो. चुकीच्या घराच्या आजी-आजोबांना आपलं म्हणत पुढच्या पिढ्या मोठ्या होतात.

म्हणून अभ्यासाला हे प्रकरण घेतलं. यातले कागद जगात सर्वांत जास्त तपासले गेलेले आहेत, आणि लग्नाची मूळ ओळ हाती नसताना लग्न कसं सिद्ध करायचं, याचा इतका चांगला धडा मला दुसरीकडे दिसलेला नाही.

वही कशी घडली

आधी वहीबद्दल. १५३८ साली आठव्या हेन्रीचा मंत्री थॉमस क्रॉमवेल याने हुकूम काढला. प्रत्येक पॅरिशने, म्हणजे एका चर्चच्या हद्दीतल्या वस्तीने, एक वही ठेवायची. आठवडाभरात झालेली लग्नं, बाप्तिस्मे आणि दफनं रविवारी चर्चच्या वॉर्डनसमोर तिच्यात उतरवायची. वही दोन कुलपांच्या पेटीत राहील. इंग्लंडच्या सामान्य माणसाचं नाव पिढ्यान्‌पिढ्या कागदावर टिकलं ते या हुकमामुळे.

सुरुवातीच्या बऱ्याच वह्या साध्या कागदाच्या होत्या, त्या फाटल्या, भिजल्या. शतकाच्या शेवटी नवा नियम आला: जुन्या नोंदी चर्मपत्राच्या वहीत नीट उतरवून काढा, विशेषतः राणीसाहेब गादीवर आल्यापासूनच्या. राणी एलिझाबेथ गादीवर आली १५५८ साली. ‘विशेषतः’ या शब्दाचा आधार घेऊन असंख्य पाद्र्यांनी नक्कल १५५८ पासूनच सुरू केली आणि आधीची वीस वर्षं सोडून दिली. स्ट्रॅटफर्डची वही याच जातीची आहे. ती १५५८ पासून सुरू होते, आणि तिचा सुरुवातीचा भाग म्हणजे मागाहून केलेली नक्कल आहे. शेक्सपिअरच्या बाप्तिस्म्याची जी ओळ जगभर छापली जाते, तीसुद्धा बाप्तिस्म्याच्या दिवशी लिहिलेली नाही.

याचा फटका त्याच्या बायकोला, अ‍ॅन हॅथवेला, बसला. तिच्या थडग्यावरच्या पितळी पाटीवर कोरलंय की ६ ऑगस्ट १६२३ ला ती वारली तेव्हा तिचं वय ६७ होतं. म्हणजे जन्म १५५५ किंवा १५५६ चा, वही सुरू होण्याच्या दोन-तीन वर्षं आधीचा. तिचा बाप्तिस्मा या वहीत शोधणं व्यर्थ आहे, आणि तो मिळत नाही म्हणून ती या गावची नव्हती असं म्हणणं तर साफ चूक आहे. नोंद नाही असं म्हणण्याआधी वही कधीपासून कधीपर्यंतची आहे, मधली पानं जागेवर आहेत का, हे बघावं लागतं. ही तपासणी कंटाळवाणी असते, पण तिला पर्याय नाही.

१५९८ पासून आणखी एक चांगली सोय झाली. पॅरिशने दरवर्षी वहीची एक प्रत बिशपकडे पाठवायची. मूळ वही जळाली, हरवली तरी बिशपकडची नक्कल कित्येकदा कामाला येते. शेक्सपिअरचं लग्न त्याच्या सोळा वर्षं आधी झालं, त्यामुळे तीही वाट बंद.

समजा ती ओळ सापडलीच असती, तरी तिच्यात काय असतं? १७५४ पूर्वीच्या लग्नाच्या नोंदीत बहुतेक वेळा तारीख आणि दोन नावं, एवढंच असतं. वय, वडील, धंदा, साक्षीदार, काही नाही. लॉर्ड हार्डविक यांचा विवाह कायदा २५ मार्च १७५४ ला लागू झाला तेव्हापासून छापील नमुना, वधूवरांच्या सह्या किंवा अंगठ्याच्या जागी काढलेली फुली, आणि साक्षीदार हे सगळं आलं. वडलांचं नाव आणि धंदा यायला १ जुलै १८३७ उजाडावा लागला, आणि वधूवरांच्या आयांची नावं तर मे २०२१ पासून येऊ लागली. त्यामुळे सोळाव्या शतकातल्या लग्नासाठी चर्चच्या वहीच्या बाहेरचे कागद हुडकणं हेच खरं काम असतं.

वूस्टरचे दोन कागद

स्ट्रॅटफर्ड तेव्हा वूस्टरच्या बिशपच्या धर्मप्रांतात होतं. त्या बिशपच्या दफ्तरात या लग्नाचे दोन कागद निघाले.

पहिला, २८ नोव्हेंबर १५८२ चा मुचलका. सर थॉमस फिलिप्स या हस्तलिखितांच्या संग्राहकाला तो १८३६ साली सापडला. फुल्क सँडल्स आणि जॉन रिचर्डसन या स्ट्रॅटफर्डकडच्या दोन शेतकऱ्यांनी ४० पौंडांची हमी लिहून दिली आहे. वराचं नाव ‘विल्यम शॅग्स्पिअर’, वधू ‘वूस्टर धर्मप्रांतातल्या स्ट्रॅटफर्डची अ‍ॅन हॅथवे, कुमारिका’. अटी अशा: दोघांपैकी कुणाचा आधी दुसरीकडे वाङ्निश्चय झालेला नाही, रक्ताचं किंवा सोयरिकीचं आडवं येणारं नातं नाही, या लग्नावरून कुठे दावा चालू नाही, आणि वधूच्या आप्तांच्या संमतीवाचून वर लग्न लावणार नाही. हे पाळलं, तर चर्चमध्ये एकदाच पुकारा करून लग्न लावता येईल. पुढे काही भानगड निघाली तर बिशपला तोशीस लागू द्यायची नाही, ती या दोघांनी सोसायची. बिशप होते जॉन व्हिटगिफ्ट, जे पुढच्याच वर्षी कँटरबरीचे आर्चबिशप झाले.

४० पौंड म्हणजे किती? स्ट्रॅटफर्डच्या शाळेच्या मास्तरांना वर्षाला २० पौंड मिळत. दोन साध्या शेतकऱ्यांनी मास्तरांच्या दोन वर्षांच्या पगाराएवढी रक्कम पणाला लावली होती.

पुकाऱ्याची पद्धत नीट समजून घेतली पाहिजे. लग्नाआधी तीन रविवारी किंवा सणाच्या दिवशी चर्चमध्ये सर्वांसमोर दोघांची नावं पुकारायची आणि कुणाची हरकत असल्यास सांगा म्हणायचं, याला ‘बॅन्स’ म्हणतात. आपल्याकडे विशेष विवाह कायद्याखाली ३० दिवसांची नोटीस लावून हरकती मागवतात, त्यामागे हीच कल्पना आहे. घाई असेल तर बिशपकडून परवाना घ्यायचा, म्हणजे पुकारे कमी होत किंवा टळत. परवान्यासाठी मुचलका लागे. मुचलका बिशपच्या दफ्तरात राही, परवाना जोडप्याच्या हाती जाई आणि लग्न लावणाऱ्या पाद्र्याला दाखवला की त्याचं काम संपे. म्हणून परवाने सहसा मिळत नाहीत, मुचलके मिळतात.

घाई का होती? आपल्याकडे चातुर्मासात लग्नं लावत नाहीत, तसे तिथेही बंद काळ होते. नाताळआधीचा अ‍ॅडव्हेंटचा काळ त्या वर्षी २ डिसेंबरला लागत होता आणि १३ जानेवारीपर्यंत लग्नाला मनाई होती. त्यानंतर जेमतेम दोन आठवडे मोकळे, कारण २७ जानेवारीपासून ईस्टरपूर्वीचा बंद काळ सुरू होई तो थेट ७ एप्रिलपर्यंत. त्या दोन आठवड्यांत तीन रविवार बसत नव्हते. मुचलका लिहिला तो बुधवार होता. शुक्रवारी, ३० नोव्हेंबरला, संत अँड्र्यूचा सण होता. एक पुकारा त्या दिवशी होऊ शकत होता आणि अ‍ॅडव्हेंटच्या आत लग्न उरकणं शक्य होतं. ही संधी हुकली असती तर थेट एप्रिल. आणि सुझॅनाचा बाप्तिस्मा झाला मे महिन्यात.

या तारखा मी दोन-तीनदा कॅलेंडर मांडून तपासल्या. कागदावरची नुसती तारीख मुकी असते, वार आणि सण तिच्या शेजारी मांडले की ती बोलते. ऐन थंडीत दोन शेतकरी वीसेक मैलांवरच्या वूस्टरला का गेले, हे त्या मांडणीतून कळतं.

दुसरा कागद आदल्या दिवसाचा, २७ नोव्हेंबरचा. बिशपच्या दफ्तरात दिलेल्या परवान्यांची नोंद ज्या वहीत होई, तिच्यात लॅटिनमध्ये एक ओळ आहे: त्याच दिवशी असाच परवाना विल्यम शॅक्सपिअर आणि टेम्पल ग्राफ्टनची अ‍ॅन व्हॅटली यांच्यासाठी निघाला.

व्हॅटली! आणि गाव टेम्पल ग्राफ्टन, स्ट्रॅटफर्डच्या पश्चिमेला काही मैलांवरचं. दोन दिवसांत एकाच नावाचा वर, आणि वधू दोन.

कुठल्या कागदावर विश्वास ठेवायचा

या एका ओळीने फार नुकसान केलं. फ्रँक हॅरिस या लेखकांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला एक कहाणी रचली. तरुण विल्यमचं खरं प्रेम अ‍ॅन व्हॅटलीवर होतं, तिच्याशी लग्नाचा परवानाही त्याने काढला, पण हॅथवेच्या माणसांनी त्याला धरून आणून दिवस गेलेल्या अ‍ॅन हॅथवेशी बोहल्यावर उभं केलं. पुढे कुणी तर व्हॅटलीला जोगीण ठरवून तिच्या हाती नाटकांची लेखणीही दिली. या सगळ्यात स्ट्रॅटफर्डजवळच्या शॉटरी खेड्यातली अ‍ॅन हॅथवे मात्र गळ्यात पडलेली, वयाने थोराड, नकोशी बायको होऊन बसली. जिने तीन मुलं वाढवली, एक पोटचं पोर पुरलं, आणि नवरा लंडनमध्ये असताना घर सांभाळलं, तिच्यावर हा कलंक एका कारकुनाच्या ओळीवरून लागला. त्या कहाण्यांचा मला मनापासून राग येतो.

दोन कागद एकमेकांशी भांडत असतील, तर कागद कुणी लिहिला, कशासाठी लिहिला आणि चूक झाली तर कुणाचं काय जाणार होतं, हे विचारावं. मुचलका हा कायद्याचा दस्तऐवज होता. त्यात वधूचं नाव चुकलं तर पुढे खटल्यात तो फोल ठरला असता, आणि हमी देणाऱ्यांनी तो समोर उभं राहून लिहून दिला. परवान्याच्या वहीतली ओळ दफ्तरातल्या कारकुनाने आपल्या सोयीसाठी घेतलेली टीप होती. तिच्यातलं नाव चुकलं तर कारकुनाचं काही बिघडणार नव्हतं.

पण ‘कारकून चुकला असेल’ एवढं म्हणून भागत नाही, तसं म्हणून आपल्याला नको असलेली कुठलीही नोंद झटकता येईल. जोसेफ विल्यम ग्रे यांनी या प्रश्नावरचं आपलं काम १९०५ साली प्रसिद्ध केलं. त्यांनी ती एकच ओळ न पाहता सगळी वही तपासली. वहीतली नावं आणि उपलब्ध मुचलके शेजारी ठेवले, तेव्हा त्या कारकुनाने इतरांचीही नावं बदलून टाकल्याचं दिसलं: बार्बरचं बेकर, ब्रॅडलीचं डार्बी, एल्कॉकचं एजकॉक. आणखी पुढे, शेक्सपिअरचा परवाना निघाला त्याच दिवशी वूस्टरच्या धर्मन्यायालयात क्राउल गावच्या विल्यम व्हॅटली नावाच्या व्हिकरचा, म्हणजे पाद्र्याचा, धर्मपट्टीचा (चर्चला द्यायच्या कराचा) तंटा चालू होता. दिवसभर ‘व्हॅटली’ कानावर पडत होतं, हातून लिहिलं जात होतं, आणि पुढच्या ओळीत ते निसटून आलं असावं. ज्यांनी आयुष्यात कधी हजेरीपट किंवा पावतीबुक लिहिलंय त्यांना अशी चूक कशी होते ते वेगळं सांगायला नको.

ग्रे यांची ही रीत वंशावळ लावणाऱ्याने गाठीला बांधावी. एका संशयित नोंदीसाठी तिच्या आसपासची पन्नास पानं वाचायची, लिहिणाऱ्याचा हात ओळखायचा, त्याच्या खोडी ओळखायच्या. संगणकावरच्या सूचीत नाव शोधून नेमकी तेवढीच ओळ उघडली, तर हे कधीच कळणार नाही.

स्पेलिंगवर तर बिलकुल विसंबू नये. शॅक्सपिअर, शॅग्स्पिअर, शॅक्स्पर, ही सगळी एकाच माणसाची रूपं आहेत. जसं ऐकू आलं तसं लिहिलं. आपल्याकडे कुलकर्णी आणि कुळकर्णी सख्खे भाऊ असू शकतात, हे ज्याला ठाऊक आहे त्याला हे समजायला सोपं जावं.

ही अ‍ॅन कुणाची मुलगी

मुचलक्यात वधूच्या बापाचं नाव नाही. शॉटरी हे स्ट्रॅटफर्डच्या पॅरिशमधलं, मैलभरावरचं खेडं. तिथे रिचर्ड हॅथवे नावाचा शेतकरी होता. त्याच्या घराण्याला ‘हॅथवे ऊर्फ गार्डनर’ असंही म्हणत, म्हणजे नुसतं हॅथवे शोधणाऱ्याच्या हातून अर्ध्या नोंदी निसटतात. तो १५८१ च्या सप्टेंबरात वारला, लग्नाच्या सव्वा वर्ष आधी. त्याच्या मृत्युपत्रात अ‍ॅन नावाची मुलगी नाहीच. अ‍ॅग्नेस आहे, आणि तिच्यासाठी लग्नाच्या दिवशी द्यायचे १० मार्क, म्हणजे ६ पौंड १३ शिलिंग ४ पेन्स.

अननुभवी माणूस इथे थांबतो. अ‍ॅग्नेस वेगळी, अ‍ॅन वेगळी म्हणतो आणि दुसरा हॅथवे शोधायला निघतो. पण त्या काळी अ‍ॅग्नेसचा उच्चार ‘अ‍ॅनिस’ असा होई आणि दोन्ही नावं एकाच बाईला सर्रास लागत. तरीही, उच्चार जुळतो एवढ्यावर नातं जोडायची माझी तयारी नसती. जोडणी होते ती माणसांवरून. मृत्युपत्राच्या अंमलावर देखरेख ठेवायला रिचर्डने ज्यांना नेमलं त्यांत फुल्क सँडल्स आहे, आणि साक्षीदारांत जॉन रिचर्डसन. वूस्टरला जाऊन मुचलका लिहून देणारे हेच दोघे! बाप मेलेल्या पोरीच्या लग्नासाठी बापाचे विश्वासू शेजारी उभे राहिले. फ्रँक हॅरिससारख्यांना जे दांडगट वाटले, ते खरं तर बापाची जागा चालवणारे होते.

आणि एक धागा आहे, तो मला सर्वांत जास्त आवडतो. रिचर्डच्या मृत्युपत्रात त्याचा धनगर थॉमस व्हिटिंग्टन याचं येणं लिहिलेलं आहे. वीस वर्षांनी, १६०१ मध्ये, तो धनगर स्वतः मृत्युपत्र करतो आणि स्ट्रॅटफर्डच्या गरिबांसाठी ४० शिलिंग ठेवतो. ते पैसे कुठे आहेत? ‘विल्यम शेक्सपिअर यांची पत्नी अ‍ॅन शेक्सपिअर हिच्याकडे’, आणि ते आपलं येणं आहे, असं तो नोंदवतो. शॉटरीच्या घरचा म्हातारा गडी लग्न होऊन गेलेल्या लेकीशी अजून व्यवहार ठेवून होता. नवऱ्याच्या मृत्युपत्रात या बाईचं नावही नाही, नुसतं ‘माझी बायको’ आहे. एका धनगराने मात्र तिचं पूर्ण नाव लिहून ठेवलं, आणि शॉटरीची अ‍ॅग्नेस हीच शेक्सपिअरची अ‍ॅन हे आज आपण त्यामुळे जास्त खात्रीने म्हणू शकतो. मोठ्या माणसांच्या मृत्युपत्रात शोधून दमलात, तर गड्यांची, शेजाऱ्यांची, विधवा आत्यांची मृत्युपत्रं वाचा असं मी सांगत असतो, ते यामुळेच.

लग्न लागलं कुठे

परवाना मिळाला म्हणजे लग्न झालं असं समजू नये. परवाने काढून लग्न न झालेलीही उदाहरणं आहेत. इथे लग्न झालं हे पुढच्या कागदांवरून दिसतं: औरस मुलांचे बाप्तिस्मे, मृत्युपत्र, थडग्यावरची पाटी.

जागेबद्दल मात्र टेम्पल ग्राफ्टनचा विचार करावा लागतो. कारकून आडनाव चुकला तरी गावही चुकलाच असं नाही. वडलांच्या पश्चात अ‍ॅन तिथे राहत असेल, किंवा लग्न तिथे लावायचं ठरलं असेल. तिथला पाद्री जॉन फ्रिथ. १५८६ मध्ये प्युरिटन, म्हणजे कडव्या प्रोटेस्टंट, लोकांनी वॉरिकशायरमधल्या पाद्र्यांची पाहणी केली तेव्हा त्याच्याबद्दल लिहिलं की म्हातारा आहे, धर्माच्या बाबतीत पक्का नाही, धड प्रवचन देता येत नाही की वाचता येत नाही, आणि त्याचा मुख्य उद्योग जखमी ससाण्यांवर उपचार करण्याचा. ‘धर्मात पक्का नाही’ म्हणजे जुन्या कॅथलिक वळणाचा. या म्हाताऱ्याने त्यांचं लग्न लावलं असेल, अशी कल्पना बऱ्याच चरित्रकारांना भुलवते. मलाही ती आवडते, पण आवडणं हा पुरावा नव्हे. त्या वर्षाची टेम्पल ग्राफ्टनची लग्नाची वही टिकलेली नाही. लडिंग्टन गावही आपला हक्क सांगतं, तिथे ती नोंद प्रत्यक्ष पाहिल्याच्या आठवणी सांगितल्या गेल्या, पण तिथलीही वही नाही. वंशावळीच्या तक्त्यात या ठिकाणी ‘वूस्टर धर्मप्रांत, परवान्याने, २८ नोव्हेंबर १५८२ नंतर लवकरच’ एवढंच लिहावं. रकाना भरलेला दिसावा म्हणून चर्चचं नाव टाकू नये.

सुझॅनाचा बाप्तिस्मा लग्नानंतर सहा महिन्यांत झाला, याचा शोधणाऱ्याला व्यावहारिक अर्थ आहे. पहिल्या मुलाच्या बाप्तिस्म्यापासून नऊ महिने मागे मोजून त्याच्याही आधी लग्न शोधायची सवय असते. या प्रकरणात तसं केलं असतं तर ऑगस्ट १५८२ च्या मागे जात राहिलो असतो आणि नोव्हेंबरकडे नजर गेलीच नसती. त्या काळी इंग्लंडात दोघांनी ‘मी तुला पत्नी मानतो, मी तुला पती मानते’ असं एकमेकांना साक्षीने म्हटलं, तरी ते बंधन धर्मन्यायालय मानत असे, चर्चमधला विधी मागाहून झाला तरी. कॅथलिक चर्चच्या ट्रेंटच्या धर्मसभेने १५६३ मध्ये पाद्री आणि साक्षीदारांवाचून लग्न ग्राह्य नाही असं ठरवलं. पोर्तुगिजांच्या राज्यातल्या गोव्याच्या आणि वसईच्या चर्चना तो नियम लागू झाला. इंग्लंड रोमपासून फुटलेलं होतं, तिथे तो आला नाही, आणि नुसत्या वचनाचं लग्न १७५४ पर्यंत तग धरून राहिलं. १५८२ च्या शॉटरीत साखरपुडा आणि लग्न यांच्यामधली रेघ आजच्याइतकी ठळक नव्हती. सहा महिन्यांवरून अ‍ॅनला नावं ठेवणाऱ्यांनी एवढं ध्यानात घ्यायला हवं होतं.

परवान्याची किंमत किती होती ते याच घरात पुढच्या पिढीत दिसलं. धाकटी ज्युडिथ १० फेब्रुवारी १६१६ ला थॉमस क्विनीशी लग्न करती झाली. हे लग्न होली ट्रिनिटीच्या वहीत आहे. पण तो ईस्टरपूर्वीचा बंद काळ होता आणि त्यांनी खास परवाना काढलेला नव्हता. थॉमसला वूस्टरच्या धर्मन्यायालयात बोलावणं आलं, तो गेला नाही, आणि त्याला धर्मबहिष्कृत केलं गेलं. बापाचं लग्न वहीत नाही पण परवाना चोख, मुलीचं लग्न वहीत आहे पण परवाना नाही. वहीतल्या ओळीवरून क्विनीचं प्रकरण कळलं नसतं, त्यासाठी न्यायालयाचे कागद उघडावे लागतात.

ज्युडिथच्या लग्नाचं साल वाचतानाही सावध राहायला हवं. इंग्लंडात १७५२ पर्यंत कागदोपत्री नवं वर्ष २५ मार्चला लागे. म्हणून फेब्रुवारीतलं हे लग्न वहीत १६१५ खाली येतं आणि दोनच महिन्यांनी बापाचं दफन १६१६ खाली. दोघांत वर्षभराचं अंतर आहे असं वाटून जातं. जुळ्यांचा बाप्तिस्माही असाच, वहीप्रमाणे १५८४. जानेवारी ते २४ मार्च या दरम्यानची कुठलीही तारीख आपल्या तक्त्यात उतरवताना १६१५/१६ अशी दोन्ही सालं लिहावीत.

आता उरतो शेवटचा कागद. सुझॅनाची मुलगी एलिझाबेथ ही शेक्सपिअरची शेवटची वंशज. तिची दोन लग्नं झाली, मूल नाही. १६७० च्या सुरुवातीला तिने मृत्युपत्र केलं तेव्हा ती लेडी बर्नार्ड होती, मोठ्या घरची बाई. त्यात तिने ‘माझा नातलग’ असं म्हणून स्ट्रॅटफर्डच्या थॉमस हॅथवेच्या मुलींना पैसे ठेवले. वूस्टरच्या मुचलक्याला तेव्हा सत्त्याऐंशी वर्षं होऊन गेली होती, सँडल्स आणि रिचर्डसन केव्हाच गेले होते, आणि आजीच्या माहेरची माणसं नातीला अजून आपली वाटत होती.